मावशीला आलेली किळस

वृद्धाश्रमातल्या मावशीने उभा जन्म दुसऱ्यांचं गू-मूत काढण्यात घालवला, पण नाकाला कधी पदर लावला नाही. चादरी, उलट्या, चिघळलेल्या जखमा सगळं उरकायचं, हात धुवायचे की जेवायला बसायचं. अशा बाईला त्या संध्याकाळी चक्क मळमळलं, तेही कोऱ्या करकरीत डायपरमुळे.

मोठ्या सिस्टरचा नवा हुकूम होता. संध्याकाळच्या चहानंतर सरसकट सगळ्यांना डायपर. संडासापर्यंत कुणालाही धरून न्यायचं नाही. शिंपीकाका तर काठी टेकत नीट चालायचे. मावशी डायपर घेऊन आली तशी त्यांनी पायजम्याची नाडी दोन्ही मुठींत धरली. "मला कळतं गं अजून," म्हणाले. तिने मुठी सोडवल्या. दुसऱ्या दिवसापासून काकांनी चहा सोडला. पाणीही घेईनात.

"सिस्टर, शिसारी येते मला याची."

"तुला? अगं, काय काय उपसतेस तू! आणि शिसारी म्हणजे काही कारण नव्हे. कारण असेल तर सांग, नाहीतर कामाला लाग."

बोलणं झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. अंगावर पांढरे डाग असलेल्या बाईचा पेला मावशी एकेकाळी फडक्यात धरून उचलायची. तीही शिसारीच, आणि निव्वळ मूर्खपणाची. मग ही खरी कशावरून? फरशी पुसता पुसता ती स्वतःशीच भांडू लागली. डायपर वाईट? छे, कितीजणांना त्याचाच आधार. माणसं कमी आहेत? म्हणून काय कुणाच्याही मुठी सोडवायच्या? पण कोपऱ्यातल्या आजीला ती रोज डायपर लावायची, तेव्हा कुठे मळमळलं? आजी बोलत नाही, काका सांगतात. हां! माणूस सांगतोय आणि आपण सोयीसाठी बहिरे होतोय. घाण ती ही.

कारण सापडलं, हायसं वाटलं, पण क्षणभरच. चहा झाला की आजी रोज तिचा पदर ओढायची. "सोड गं, काय खोडी मेली," म्हणून ती झटकायची. मग ते सांगणं नव्हतं तर काय होतं?

मावशीला स्वतःच्याच हातांची किळस आली. साबणाने जाणारी नव्हती ती.

तिने सिस्टरला सगळं सांगितलं.

"म्हणजे आता आजीलाही नेणार? वेड लागलंय का? उद्यापासून येऊ नकोस मग."

"उद्याचं उद्या. आत्ता सरका, दार अडवलंय तुम्ही."

काकांना काठी देऊन तिने पुढे घातलं, आजीला काखेत हात घालून धरलं. आजी बसली, मोकळी झाली आणि रोज पदर ओढणाऱ्या त्याच हाताने तिने मावशीच्या दंडाला असा करकचून चिमटा काढला की मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.