शिंगणापूरच्या मावशींची खोली

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही फार होतील, तेवढ्या पोटात घाला. माझी शाळा चौथीत सुटली. पण गयामावशींना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या कळाव्यात, असं फार दिवस मनात आहे, आणि तोंडानं सांगायला मला जमत नाही.

मावशी आमच्या सुप्याच्या घरमालकीण. खोलीत आल्या की आधी भिंतीला तळहात लावायच्या, आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा. "बघते, ताप आलाय का," म्हणायच्या. ओल लागली की लगेच गवंडी यायचा. नवा भाडेकरू यायचा असला की त्या रिकाम्या खोलीत शेगडी नेऊन तव्यावर मिरच्या भाजायच्या आणि ठसका खिडकीतून बाहेर जातो का ते बघायच्या. नाही गेला तर खिडकी मोठी करायच्या. समोरच्या चाळीचा मालक एका खोलीत सहा-सहा कामगार ठेवायचा. तो हसायचा, "मावशी, पुण्य कमवाया खोल्या बांधल्या का?"

"पुण्याचं देव बघंल. पर ती मानसं हायेत, थप्पी लावाया पोती न्हाईत."

अशा खोलीत एकच गोष्ट नव्हती. कडी. मावशींचं माहेर शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं नसतात, घर देव राखतो. सुप्यात त्यांनी खोल्यांना दारं लावली ती थंडीसाठी आणि कुत्र्यांसाठी. पण कडी कुणाला लावू द्यायच्या नाहीत. "कडी लावली म्हंजी देवाला म्हनायचं, तुझा भरवसा न्हाई." बाकीच्या तीन खोल्यांत कंपनीतली एकटी पोरं राहायची. ती मोबाईल उशाखाली घालून बिनघोर झोपायची. लेकराबाळाचं बिऱ्हाड आमचं पहिलंच.

आमच्या यांना रातपाळी असली की मी गव्हाची कोठी दाराला सरकवायची आणि तिला पाठ लावून बसायची. मुलगी मांडीवर. झोप अशी लागायचीच नाही. हे म्हणायचे, "मावशींना सांग, न्हाईतर खोली सोडू." सांगायला माझी जीभ उचलत नव्हती, आणि तेवढ्या भाड्यात असली कोरडी, हवेशीर खोली दुसरीकडं मिळणार नव्हती.

एका सकाळी मावशी भिंत बघायला आल्या. दार ढकललं ते कोठीवर आपटलं.

"आगं, काय ठिवलंस दारामागं? चोरीचा माल हाय का काय?"

मी कोठी सरकवली आणि मला रडूच फुटलं. म्हणाले, "मावशी, तुमच्या गावाला दारं न्हाईत, तिथं देव राखतो. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. आमच्या पाचटाच्या कोपीला बी दार नव्हतं, नुसतं पोतं टांगलेलं. तिथं कोन राखत हुतं? माय कोयता उशाला घिऊन बसायची. लगीन झाल्यावर मला दुसरं काय नको हुतं. आतून लावायची कडी पायजे हुती."

एवढं एका दमात मी जन्मात बोलले नव्हते. मावशी भिंतीला हातही न लावता निघून गेल्या. मला वाटलं, गेली आता खोली.

शनिवारी त्या माहेरी गेल्या. परत आल्या त्या सुताराला घेऊनच.

"देवाला सांगून आले. म्हनलं, ही लेक तुझ्या गावची न्हाई. तिला कडी लागती. तू रागावू नको, अन् राखायचं मातर सोडू नको."

कडी बसल्यावर मला आतून लावायला सांगितली आणि स्वतः बाहेरून खांदा देऊन दार ढकललं. एकदा ढकललं, पुन्हा जोर करून ढकललं. "हलत न्हाई गं!" असं ओरडल्या, जशी काही त्यांचीच सुटका झाली. मग चारही खोल्यांना कड्या लावून घेतल्या. पोरं चेष्टा करू लागली, "मावशी, आमचं काय चोरीला जानार?"

"मेल्यांनो, चड्डीवर लोळत असता अन् मी भसकन आत येते. माझीच अब्रू जाती."

तेव्हापासून मावशी दाराबाहेर उभ्या राहून हाक मारायच्या. कडी वाजवायची त्यांना सवयच नव्हती. "मी हाय गं, मीच. येऊ का आत?" खोली त्यांची, आणि विचारायच्या मला. त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र त्यांनी आम्ही निघेपर्यंत कडी लावली नाही.

यंदा आम्ही पाथर्डीकडं गावी दोन खोल्या बांधल्या आणि सुपं सोडलं. निघताना मला डिपॉझिटाची काळजी होती. समोरचा मालक भिंतीतल्या खिळ्यांचेसुद्धा पैसे डिपॉझिटातून कापायचा, आणि आमच्या घराच्या दारांचं काम त्या पैशांसाठीच अडलं होतं. मावशींनी भिंतीला शेवटचा हात लावला आणि नोटा पुढं केल्या. हे म्हणाले, "मावशी, कडीचे अन् सुताराचे कापून घ्या. आमच्यापायीच लावली."

"तुमच्यापायी कशाला? कडी खोलीची हाय. ती पैल्यापासून पायजे हुती, मला उमगाया उशीर झाला. त्याचे तुमचे पैशे कापू व्हय?" मग माझ्याकडं वळल्या. "तू मोज गं. लाजू नको."

मी मोजले. दिले होते तेवढे सगळे होते.