फाटकाच्या बिजागऱ्या

सुमे, फोन जरा कानाशी धर आणि नुसतं ‘हं, हं’ करू नकोस, लेकी. आज अंगणात मीच स्कूटरचं ऑइल बदललं. इंजिन थोडं गरम केलं, खालचा बोल्ट सोडला आणि घमेल्यात पडणारी काळी धार बघत बसले. नवं असताना मधासारखं असतं गं. इंजिनाची सगळी घाण पोटात घेऊन असं काळं होतं. मग गुडघे धरून उठले. थकले बाई आता.

हे जुनं ऑइल मी नेहमी फाटकाच्या बिजागऱ्यांना लावते. आज बोट बुडवलं आणि थांबले. फाटक कुरकुरलं की कुणी आलंय, एवढं तरी आत कळतं. तसंच ठेवलंय. लवकर ये, आणि जोरात ढकलून ये.