नावावर घेतलेले

संघ जाहीर झाला तेव्हा मी एका बागेत होतो. संत्र्याची बाग विकत घ्यायची, म्हणजे जमीन नव्हे, झाडावरचा माल घ्यायचा, तर ती आधी पायी फिरून पाहावी लागते. बांधावरून पाहिली तर प्रत्येक बाग भरलेली दिसते. मी आत शिरतो, खालच्या फांदीखाली वाकतो, पानावर बोट फिरवून रोगाची काजळी लागते का पाहतो, झाडाखाली किती फळ गळून पडलंय ते बघतो. बागवाला मागून सांगत असतो की ही बाग त्याच्या आजोबांपासून नावाजलेली आहे. मी ऐकत नाही. आजोबांची संत्री मला विकायची नसतात.

त्या दिवशी असाच वाकलेलो असताना मोबाइलवर यादी आली. कर्णधार तोच. ज्याच्या बॅटमधून कित्येक महिन्यांत मोठी खेळी निघाली नव्हती, तोच. आणि जो डावखुरा फिरकीवाला वर्षानुवर्षं देशातल्या मैदानांवर गडी टिपत होता, तो पुन्हा नाही. हा फिरकीवाला आमच्या वऱ्हाडातला नाही. त्याचं गाव नकाशात दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. पण चांगला माल बांधावर पडून सडताना पाहिला की माझं डोकं फिरतं, मग तो कोणाचाही असो.

"या लोकाईनं कधी झाड हालवून पाह्यलं नाई," मी निवड समितीवर चिडून म्हणालो.

बागवाल्याला वाटलं मी त्याच्या बागेबद्दल बोलतोय. "हालवा ना मालक," तो म्हणाला. "कोणं अडवलं तुमाले?"

तेवढ्यात अकोल्याहून जवाईबापूंचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. संघ जाहीर झाला की पाच मिनिटांत त्यांचा फोन यायचा, गेली वीस-बावीस वर्षं. टीव्हीवर टॉस होण्याआधी आणि शेवटचा चेंडू पडल्यावरही यायचा. मोठा सामना मात्र आम्ही एकत्र पाहायचो, एकदा अमरावतीला माझ्या घरी, एकदा त्यांच्याकडे जठारपेठेत.

"पाह्यली का टीम, भाऊ?"

"पाह्यली. कॅप्टन काहून ठेवला त्याले? सांगा मले एक कारण."

"नाव आहे ना त्याचं. मोठ्या मॅचमंधी नावच खेळते."

"नाव पॅड बांधून येते काय मैदानात?"

ते हसले. ते नेहमीच हसायचे. माझ्यासारख्या माणसाला तोंड देऊन हसत राहणं सोपं नाही. बाजारात माझ्याशी सौदा करून लोक घरी जाऊन डोकं धरून बसतात, हे मला ठाऊक आहे. जवाईबापू कधी चिडले नाहीत. प्रत्येक वेळी त्याच कर्णधाराची बाजू घेत राहिले. तो शून्यावर गेला तरी म्हणायचे, पुढच्या मॅचमध्ये पाहा. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्याशिवाय सामना बघवायचाही नाही.

आता हे जवाईबापू आमच्या घरात कसे आले ते सांगतो.

मी बडनेऱ्याच्या फलाटावर लिंबं विकत मोठा झालो. वडील लवकर गेले. भाजी-फुलं विकणारं आमचं घर. हातगाडी, मग बाजारात गाळा, मग बागा, हे सगळं मी स्वतः केलं. बहिणीचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा घरात निर्णय घेणारा मी एकटाच होतो. दोन स्थळं होती. एक बडनेऱ्यातलाच मुलगा, रेल्वेत रुळांच्या कामावर, दोन खोल्यांचं घर, आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधून विकायची. दुसरं हिवरखेडचं. मोठं घराणं, काळी जमीन, दारात बैलजोड्या, गावात कुठेही नाव घेतलं की लोक वाट दाखवायला सोबत चालत यायचे.

हिवरखेडला मी गेलो तेव्हा मुलाच्या मोठ्या भावानं मला बांधावर नेऊन चौफेर हात फिरवला. "हे सारं आपलंच," म्हणाला. मी पाहिलं. नजर पोचत नव्हती. मी, ज्यानं फलाटावर एक लिंबूसुद्धा दाबून पाहिल्याशिवाय घेतलं नाही, त्यानं त्या दिवशी विचारलं नाही की हे सारं किती भावांत वाटून होणार आहे. विचारायची लाज वाटली. वाटलं, लिंबंवाला कसे हिशेब करतो असं म्हणतील. मुलाशी मी दोन वाक्यं बोललो असेन. तो खाली मान घालून बसला होता. मला ते खानदानी वाटलं.

भाऊ पाच होते. वाटण्या झाल्या तेव्हा जवाईबापूंच्या वाट्याला नाल्याकाठची एक पट्टी आली. शेतीत त्यांचं मन कधीच नव्हतं. पट्टी विकून ते अकोल्याला आले, जठारपेठेत एका शाळेजवळ झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं छोटं दुकान टाकलं. ते दुकान कधी धड चाललं नाही. माझी बहीण वीस वर्षं डबे करून देते आहे. बडनेऱ्याचा तो रेल्वेतला मुलगा आता मोठ्या हुद्द्यावर आहे. स्टेशनवर दिसला की मला नमस्कार करतो. मी दुसरीकडे पाहतो.

तर त्या संघाचा बाद फेरीचा सामना आला. हरला की घरी. मी दुपारीच अकोल्याला गेलो. बहिणीनं भजी तळली. जवाईबापूंनी मला नेहमीची खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

कर्णधार आला आणि गेला. बाहेरच्या चेंडूला बॅट लावून, जसा तो वर्षभर जात होता तसाच. "सेट होऊन राह्यला होता," जवाईबापू म्हणाले. मी भजं उचललं. मग आपली गोलंदाजी आली. खेळपट्टी अशी वळत होती की माझ्या बायकोनं टाकला असता तरी चेंडू वळला असता. आणि वळवणारा माणूस घरी बसलेला. समोरच्यांनी आरामात धावा काढल्या. अंधार पडायच्या आत सगळं संपलं.

जवाईबापूंनी नि:श्वास टाकला. "जाऊ द्या भाऊ. नशीब नव्हतं."

त्या शब्दानं माझं डोकं गेलं. नशीब. मी माझ्या आयुष्यात तो शब्द कधी वापरला नाही.

"नशीब कायचं?" मी म्हणालो. "निवडच खराब होती. नावावर घेतलेला माणूस नावावरच बसून राह्यते. काम करत नाई, अन् त्याले काढताबी येत नाई." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडाला बाजाराची सवय आहे. समोरचा गप्प बसला की आणखी एक पाऊल पुढे जायचं. "तुमालेबी आमी नावावरच घेतलं होतं, जवाईबापू. पाहा आता."

बहीण भज्यांचा दुसरा घाणा घेऊन दारात उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. जवाईबापू उठले, टीव्ही बंद केला आणि त्यावर धुळीसाठी ठेवलेलं कापड टाकलं, चारही कोपरे नीट ओढून. सामना पाहून झाल्यावर ते कापड टाकायचं त्यांचं कामच होतं. त्या दिवशी त्यांना बराच वेळ लागला.

"चहा घेता का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हणालो आणि गाडी काढली.

त्यानंतर फोन बंद झाले. दोन मालिका झाल्या, दोन संघ जाहीर झाले. मी म्हटलं, रागात असतील, येतील. भाऊबीज आली, बहीण एकटी आली, ओवाळलं, जेवायला थांबली नाही. मग यंदा अधिक महिना आला.

आमच्याकडे अधिक महिन्यात जवायाला धोंड्याचं जेवण असतं. तीन वर्षांतून एकदा येतो तो महिना. पुरणाचे धोंडे, अनारसे, दिव्याचं ताट, नवे कपडे. जवाई आला नाही तर घराला कमीपणा, आणि त्याच्या बायकोला त्याहून जास्त. आई-वडील नाहीत, म्हणून हा मान मीच करत आलो होतो. मी स्वतः बोलवायला गेलो. फोनवर बोलवायचं हे नातं नाही.

जवाईबापू दुकानात होते. मला पाहून उठले, स्टूल पुसलं, चहा मागवला. मशीनवर कोणाच्या तरी गुणपत्रिकेच्या प्रती निघत होत्या. मी आमंत्रण दिलं.

"दुकान आहे, भाऊ. नाई जमणार."

मी सौदा सुरू केला. मला दुसरं काही येत नाही. म्हणालो, रविवारी या, शाळा बंद असते. म्हणालो, गाडी पाठवतो. म्हणालो, जेवा आणि लगेच निघा, मी अडवणार नाही. शेवटी म्हणालो, "चाला, मी हारलो. तुमचा कॅप्टन चांगला आहे. आजपासून मी त्याले काही म्हणणार नाई."

पहिल्यांदाच ते हसले नाहीत. "त्याले म्हणा ना. तुमचं बरोबरच होतं."

"काय बरोबर होतं?"

"दोनीबी." प्रती उचलून त्यांनी कडा एकसारख्या केल्या. "मले ठाऊक होतं, भाऊ. पह्यल्या वर्षापासून. तुमी बांध पाह्यला अन् घेतलं मले. मी तवाच सांगाले पायजे होतं का आमी पाच भाऊ आहोत. मी मान खाली घालून बसलो."

मी काही बोलणार तर ते पुढे म्हणाले, "मले वाटे, एक दिवस होईन काहीतरी. दुकान चालन. म्हणून मी त्या कॅप्टनले काढू देत नव्हतो. त्याचंबी होईन वाटे." मग गुणपत्रिका नेणारी बाई आली आणि ते तिच्याशी बोलू लागले.

मी बाजारात किती तरी तऱ्हेची माणसं पाहिली. रागावणारी, रडणारी, देवाची शपथ घालणारी. ज्याला काहीच नको आहे असा माणूस माझ्यासमोर कधी आला नव्हता. त्याला मी काय देणार होतो?

मग मी त्यांच्या घरी गेलो, बहिणीकडे. ती डबे भरत होती. मी तिला म्हणालो, "तू सांग त्याईले."

"मी नाई सांगत."

"माफी मागतो मी."

"मांगा. त्याचं काय करतील ते?" डब्याचं झाकण तिनं दाबून लावलं. "दादा, तुमी हिवरखेडले काय पाह्यलं होतं?"

मी खरं सांगितलं. जमीन, बैलं, माणसं.

"अन् बडनेऱ्याले?"

"दोन खोल्यांचं घर."

"मले कोणं विचारलं होतं?"

मी म्हणालो, चुकलं. तुझं नुकसान केलं मी. भज्यांचं ताट खाली ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं होतं, त्याहून वाईट नजरेनं आता पाहिलं.

"नुकसान कोण म्हणते? हा माणूस माह्यावर कधी ओरडला नाई. रातच्याले डबे घासून देते. तुमच्या घरी येऊन मॅच पाहाची म्हणून आठ दिवस आधी सदरा इस्तरी करे. तुमी त्याले माह्या समोर खराब माल म्हणून गेले. आता कसा येईन तो? अन् मी त्याच्याबिगर कशी येऊ?"

मी घरी आलो. मी सांगितलेल्या रविवारी बायकोनं तरीही धोंडे केले. म्हणाली, येतील कदाचित. चार वाजेपर्यंत ताट झाकून ठेवलं. मग आम्ही दोघांनी खाल्लं. पुरण चांगलं झालं होतं.

त्याच महिन्यात परदेशातली मालिका सुरू झाली. कर्णधार तोच. फिरकीवाला नाहीच, आता त्याचं वयही झालं म्हणतात. मी एकटा टीव्हीसमोर बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की यानं आज धावा कराव्यात. मनात ठरवलं, पन्नास केल्या तर अकोल्याला फोन लावायचा. बाकी काही बोलायचं नाही, एवढंच म्हणायचं, पाह्यलं का, तुमचा कॅप्टन.

त्यानं सुरुवात बरी केली. दोन चौकार असे मारले की मी उठून उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज खुश दिसून राह्यले." मोबाइल मी हातात घेऊन ठेवला होता. मग बाहेरचा एक चेंडू आला. तो सोडायचा चेंडू होता, शाळेतल्या पोराला कळलं असतं. त्यानं बॅट पुढे केली.

मी बसलो. टीव्हीवर तो हातमोजे काढत परत येत होता, मान खाली घातलेली.

"लावा तरी फोन," बायको म्हणाली.

"काय सांगू?"

मी मोबाइल ठेवला, टीव्ही बंद केला. आमच्या घरी टीव्हीवर टाकायला कापड नाही. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येईल. तोवर हा कर्णधार नक्की नसेल. त्याला हार घालतील, मोठा सत्कार करतील, आणि त्याच्या जागी आणखी एक नाव घेतील.