कोंडाजीची तीन वर्षं

कोंडाजी आज एकतीस वर्षांचा आहे. कागदोपत्री तो चौतीस वर्षांचा. यातला पहिला आकडा देवाचा आणि दुसरा माझा. देवाच्या आकड्याला कुणी विचारत नाही.

मी मास्तर. पुनावळ्यापासून पाऊण कोसावर पवनेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत मी एकतीस वर्षं मुलं हाकतो आहे. गावाचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे त्याने गावाची शोभा वाढणार नाही, आणि माझी तर नाहीच नाही. माझी इथे बदली झाली ते १९२८ साल. त्याच वैशाखात कोंडाजी जन्मला. नव्या मास्तरला बारशाचं पहिलं आमंत्रण आलं ते त्याचं, म्हणून त्याचं वय मला बोटं न मोजता सांगता येतं. बाकी गावात स्वतःचं वय कुणालाच ठाऊक नसतं. विचारलं तर "पटकीच्या सालचा" किंवा "थोरल्या पुराच्या आदल्या सालचा" असं उत्तर मिळतं, आणि तेवढ्यावर माणसं जन्म काढतात.

लढाईच्या दिवसांत देहूरोडला लष्कराचा डेपो झाला आणि आमच्या भागात रोख मजुरी आली. डेपोत घ्यायचे ते अठरा पूर्ण झालेलेच. १९४३च्या जूनमध्ये एका संध्याकाळी सात बापे शाळेच्या पायरीवर येऊन बसले. पोरांच्या दाखल्यावर वय वाढवून द्या म्हणाले. मी दिलं. कोंडाजी पंधराचा होता, त्याला मी लेखणीच्या एका फटक्यात अठराचा केला. जन्मतारीख एक जून एकोणीसशे पंचवीस. तपासणीत सापडू नये म्हणून शाळेच्या रजिस्टरातही तसंच केलं. कुणाकडून पै घेतली नाही. एकाने कोथिंबिरीची जुडी आणून दिली, तेवढीच. त्या रात्री मला आपण मोठे परोपकारी आहोत असं वाटलं होतं.

डेपोत गोरे शिपाई रोज फुटबॉल खेळायचे. आमची पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून बाहेर आलेला चेंडू परत मारून द्यायची. हळूहळू त्यांनी चेंडू परत द्यायला वेळ लावायला सुरुवात केली, आणि त्या वेळातच ती खेळ शिकली. लढाई संपली, गोरे गेले, दोन फाटके चेंडू मागे राहिले. गावच्या गायरानात संघ उभा राहिला. मी चिटणीस झालो, कारण खडकीच्या फुटबॉल स्पर्धेच्या इंग्रजी पत्राला उत्तर लिहू शकणारा गावात मी एकटाच होतो. मला स्वतःला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण माणूस एकदा चिटणीस झाला की त्याला सगळं कळायला लागतं.

कोंडाजी सेंटर हाफ खेळायचा, मैदानाच्या मधोमध. अनवाणीच, आमचा सगळा संघच अनवाणी. अंगाने काही धिप्पाड नव्हता, बोलायचाही कमी. पण चेंडू आला की तो आधी तळपायाखाली दाबायचा, बैल दावणीला बांधावा तसा, मग मान वर करून सगळं मैदान बघायचा, आणि मग कुठे पास द्यायचा. समोरचे बूटवाले धावत येईपर्यंत तो इतका निवांत असायचा की बघणारेच "दे की, दे की" म्हणून ओरडायचे. मी मुलांना शिकवताना कधी इतका शांत राहिलो नाही. तो खेळायला लागला की मला वाटायचं, या पोराला चौथीतून शाळा सोडू दिली ती आपली चूक झाली.

खडकीच्या शील्डला, म्हणजे जिंकणाऱ्याला ढाल मिळायची त्या स्पर्धेला, आम्ही १९४९पासून उतरत होतो. पहिली चार वर्षं लवकर हरून घरी आलो. त्रेपन्नला उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. चौपन्नला थेट अंतिम सामना, एका पलटणीशी. शेवटची तीन मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. मग त्यांच्या एका जवानाने लांबून मारलेला चेंडू आमचा गोलकीपर भिमाजी याच्या बोटांना लागून आत गेला. बस, एवढंच. परत येताना देहूरोड आल्यावर कोंडाजी ट्रकमधून उतरता उतरता म्हणाला, "गुरुजी, पुढल्या साली."

ते "पुढल्या साली" माझ्या डोक्यात घुसून बसलं.

दुसऱ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी फळ्यावर अकरा नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर वय. खरी वयं. ही सगळी माझ्या हाताखालून गेलेली पोरं, मला वयं पाठ होती. कोंडाजी सव्वीस. भिमाजी सत्तावीस. ज्योतीराम, आमचा पुढे खेळणारा, चोवीस. बेरीज केली, भागाकार केला, आणि स्वतःशी ठरवलं की या संघाला अजून तीन वर्षं आहेत. तीन वर्षांत एकदा तरी शील्ड गावात येणारच. गणित मी मांडलेलं, तपासलं मीच, आणि शंभरपैकी शंभर गुण देणाराही मीच.

चहाच्या दुकानाचे सोपानराव तेव्हाच बोलले होते. "गुरुजी, पिकल्याला आंबा झाडावर ठिवला म्हनून काय वरीसभर गोड ऱ्हातो व्हय? तुमचं साल हेच हुतं. गेलं." मी त्यांना फळा बघायला बोलावलं. ते म्हणाले, फळ्यावर पोरं खेळत न्हाईत.

मग पंचावन्नच्या फेब्रुवारीत पिंपरीच्या नव्या कारखान्यात भरती निघाली. कायमची नोकरी, महिन्याचा पगार, दवापाणी, पुढेमागे राहायला खोली. अट एकच, वय तीसच्या आत. आणि कामावर लागलं की पहिलं वर्षभर तिन्ही पाळ्या करायच्या, रजा मागायची नाही. म्हणजे श्रावणापासून दसऱ्यापर्यंतचे शील्डचे सामने बुडाले.

भिमाजी आणि ज्योतीराम कुणाला न विचारता अर्ज देऊन आले आणि लागलेही. मी त्यांना गद्दार म्हणालो. भर चावडीवर म्हणालो. भिमाजी हसून म्हणाला, "गुरुजी, शील्ड काय पोरं जेवत्यात का?" मला त्याचा फार राग आला. राग आला, कारण तो खरं बोलत होता.

कोंडाजी मात्र विचारायला आला. तो विचारणारच. "गुरुजी, जाऊ का मी?" एवढंच म्हणाला आणि उभा राहिला. डेपोत तो बारा वर्षं रोजंदारीवरच होता. काम असलं तर बोलावणं, नसलं तर घर. दोन लेकरं झाली होती. मी त्याला फळ्यासमोर नेलं, त्याच्या नावापुढचा सव्वीसचा आकडा दाखवला.

"तीसला अजून किती राहिली?"

"तीन वर्सं वर."

"मग? भरती काय एकदाच निघते? कारखाना वाढतोच आहे. यंदा शील्ड, पुढे नोकरी. दोन्ही तुझंच आहे."

तो खुलला. त्याला जे ऐकायचं होतं तेच मी बोललो होतो, आणि मला जे हवं होतं तेच तो ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको शालनबाई शाळेत आली. दाराबाहेरच उभी राहिली. "गुरुजी, तुमचं त्ये ऐकत्यात. तुमी सांगा, जा म्हनून. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये." मी तिला समजावलं. तीन वर्षं आहेत म्हणालो. पुढच्या भरतीला मी स्वतः त्याला घेऊन जाईन म्हणालो. ती म्हणाली, "तुमी म्हनता म्हंजे आसंलच." आणि गेली. मास्तरचा शब्द म्हणजे छापील, असं गावाला वाटतं. त्याचा मला फार अभिमान होता.

आता खरी गोष्ट सांगतो. कारखान्याला दाखला दाखवायचा असतो. दाखल्यावर तो सव्वीसचा नव्हता, एकोणतीस पूर्ण होऊन वर आठ महिने झालेला होता. त्याच्याकडे तीन वर्षं नव्हती, चार महिने होते. आणि हे जगात फक्त मला कळू शकलं असतं, कारण तो आकडा माझ्या हातचा. कोंडाजीला दाखला वाचायची कधी गरजच पडली नव्हती. तो आपला वैशाखातला जन्म धरून चालायचा. मला त्या वेळी आठवलं कसं नाही? खूपदा विचारलं स्वतःला. आठवलं नाही, की आठवू दिलं नाही, हे अजून ठरवू शकलेलो नाही. कधी वाटतं आठवलं होतं.

पंचावन्नला भिमाजी गोलात नव्हता, ज्योतीराम पुढे नव्हता. गोलात जो उभा केला तो चेंडू बघून डोळे मिटायचा. तरी कोंडाजीने ओढत ओढत संघ उपांत्य सामन्यापर्यंत नेला. तिथे आम्ही तीन गोलांनी हरलो. शेवटची दहा मिनिटं तो एकटाच धावत होता, बाकीचे उभे होते. मला त्याच दिवशी कळलं की संपलं. एक सामना संपतो तसं नाही, सगळंच. घरी येऊन मात्र मी फळा पुसला आणि नवी नावं लिहिली. ये रे माझ्या मागल्या. दोन कोवळी पोरं घेतली, त्यांना कोंडाजी तयार करेल म्हणालो. छप्पन्नला पहिल्याच सामन्यात बाहेर. त्या सामन्यात कुणाचा तरी बूट कोंडाजीच्या गुडघ्यावर बसला आणि तो महिनाभर कामावर जाऊ शकला नाही. शालनबाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायला लागली. वाटेत दिसली तर पदर सारखा करायची, पण बोलायची नाही.

सत्तावन्नच्या जूनमध्ये पुन्हा भरती निघाली. मी त्याला घेऊन जाणार होतो. त्या दिवशी शाळेची तपासणी लागली म्हणून गेलो नाही. तो एकटाच गेला, धुतलेला सदरा घालून, दाखला टोपीत ठेवून. दुपारी चारला परत आला. मुलं सुटली होती. आत येऊन तो पहिल्या बाकाजवळ जमिनीवरच बसला. गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून एक पाय पुढे सोडून.

"कारकून भला मानूस हाय," तो म्हणाला. "दाखला बघून म्हनला, बत्तीस झाली, तीसच्या आतले पायजेत. मी म्हनलं, साह्यब, मी एकुनतीसचा हाय. त्यो म्हनला, तसा पुरावा आना, मी घेतो."

पुरावा. मी कपाटातून रजिस्टर काढलं. त्याचं नाव, त्यापुढे खाडाखोड, आणि माझं वळणदार अक्षर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला शिव्या द्यायच्या?

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "खरं काय ते लिहून देतो. माझ्या हातून चूक झाली म्हणून."

म्हणालो खरा. पण टाक उचलला नाही. पेन्शनला चार वर्षं राहिली होती. एका कोंडाजीचा आकडा बदलला की बाकी सहांचीही चौकशी लागणार, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. पंचावन्नला न दिसलेलं सगळं आता दिसत होतं. कोंडाजीने टाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नगा गुरुजी," तो म्हणाला. "तुमची पेन्शन जाईल. आन् खोटं वय लावलं म्हनून डेपोवालं मलाबी काढत्याल. हाय त्ये ऱ्हाऊ द्या."

मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण नंतर. आधी हलकंच वाटलं.

तो उठला नाही. टेबलावर खडकीहून आलेला त्या सालचा फॉर्म पडला होता, भरून पाठवायचा होता. त्याची नजर त्यावर गेली.

"औंदा काढायचा का संघ?"

मी फॉर्म उलटा करून ठेवला.

"खरं सांगा गुरुजी. आपल्याला शील्ड मिळंल का आजून?"

तीन वर्षं हाच प्रश्न कुणी विचारला की माझ्याकडे उत्तर तयार असायचं. खडू उचलायचा आणि आकडे मांडायचे. त्या दिवशी त्याच्या पुढे सोडलेल्या पायाकडे बघून मला खडू उचलवेना.

"नाही," मी म्हणालो. "आता नाही मिळणार. चौपन्नला मिळायचं होतं. भिमाजी आणि ज्योतीराम गेले तेव्हाच आपलं संपलं. पंचावन्नला तू एकटा धावत होतास ना, तेव्हा मला कळलं होतं."

तो रागावेल असं वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचार करत राहिला, चेंडू पायाखाली दाबून मैदान बघायचा तसा.

"भिमाजी गेला तवाच ठावं हुतं तुमास्नी?"

"अंदाज होता."

"मंग तवाच बोलायचं, गुरुजी," कोंडाजी म्हणाला. "मी बी गेलो असतो की त्याच्यासंगं."

मग तो बाकाला धरून उठला, टोपी नीट केली, आणि लहानपणापासूनच्या सवयीने माझ्या पायांना हात लावून गेला.