माझ्या वाट्याचा नु

शकूअक्का हेरलेकरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं बसवनगुडीत पुष्कळ सापडतील. ज्यांना चांगलं ऐकायचंय त्यांनी त्यांच्याकडे जावं. मी माझ्या वाट्याचं सांगतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर, कमरेवर हात ठेवून, किल्लेदारासारख्या उभ्या होत्या. मी नमस्कार केला, पुण्याहून आलो म्हणालो, ट्रॅफिकबद्दल चार शब्द बोललो, हवेबद्दल चार, त्यांच्या पायरीवरच्या रांगोळीबद्दल आणखी चार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू नु घे."

"काय घेऊ?"

"नु. आणि आत जाऊन सुम्मने बस."

सुम्मने म्हणजे गप्प. बंगळूरमध्ये मी शिकलेला हा पहिला कन्नड शब्द, आणि तो मला एका मराठी बाईने शिकवला.

अक्कांची तिसरी पिढी इथली. पूर्वी त्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होत्या. कारखान्याने त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं होतं, तिथे वसतिगृहातल्या रेडिओवर गाणी ऐकून ऐकून त्या भाषा शिकल्या. निवृत्तीनंतर घराच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी जपानीचा क्लास. पुस्तक नाही, फळा नाही. जपानी पॉप गाणी, बस्स. "व्याकरण नंतर येतंय रे, आधी कान," हे त्यांचं ब्रीद. पण गाणी वाटेल ती ऐकायची नाहीत. जपान्यांचीही अक्षरं आपल्यासारखीच ओळीने चालतात, क, की, कु अशी. अक्का प्रत्येकाला त्यातलं एक अक्षर द्यायच्या, देवळात तीर्थ देतात तसं, हातावर. मग वर्षभर ज्यांचं नाव त्या अक्षरानं सुरू होतं तेवढीच गाणी ऐकायची. आणि क्लासात तोंड उघडायचं तर त्याच गाण्यांतले शब्द वापरून. मराठी, इंग्रजी, हिंदी खाली चपलांपाशी ठेवून वर यायचं.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. आमच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसचा सगळा कारभार नागोयाच्या एका कंपनीवर चालतो. दोन वर्षांसाठी एकाला नागोयाला पाठवायचं होतं, आणि नावं दोनच होती: मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा निखिल, नागपूरचा. नागोयासाठी मी काहीही करायला तयार होतो. माझ्या आईने तर कॉलनीत सांगूनही टाकलं होतं. दोघांनाही आमच्या साहेबांनी अक्कांकडे पिटाळलं.

निखिलला मिळाला को.

आता ह्यातला अन्याय समजून घ्या. जपानीत कोइ म्हणजे प्रेम आणि कोकोरो म्हणजे हृदय. जगातला कुठलाही गाणं लिहिणारा ह्या दोन शब्दांवर जगतो. को ने सुरू होणारी गाणी इतकी, की निखिलने रोज पहाटेपासून ऐकली असती तरी त्याच्या नातवंडांना पुरली असती. आणि नु? नुरेरु म्हणजे भिजणे. नुमा म्हणजे दलदल. नुसुमु म्हणजे चोरी करणे. नुगु म्हणजे अंगातलं, पायातलं काढणे. नुरुइ म्हणजे धड गरम नाही, धड गार नाही असा चहा. ह्यांच्यावर कोण गाणं लिहितं? लिहिणारे निघाले, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळे मनाने खचलेले. एक बाई पावसात भिजते आणि भिजतच राहते. एक पोरगा दलदलीत फसतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत बाहेर येत नाही. तीच ती गाणी वर्षभर ऐकून माझ्या घरातल्या भिंतींना ओल आली, असं माझा घरमालक म्हणायचा.

"अक्का, अक्षर बदलून द्या," मी एकदा जिन्यातच गाठलं.

"का? चावतंय का?"

"निखिल पाहा किती बोलतो."

"तो बोलतोय. तू ऐक."

"पण मला बोलायचंय!"

"ते दिसतंच आहे. बसमधून येताना कंडक्टर पळून गेला म्हणे तुझ्या बोलण्यानं."

क्लासात निखिल उठसूट अक्कांना सांगायचा की तुझ्याविना माझं हृदय रिकामं आहे, आणि अक्का त्याला कॉफी द्यायच्या. मला कॉफी हवी असेल तर माझ्याकडे एकच शब्द, नुरुइ. तो म्हटला की त्या माझी कॉफी मुद्दाम निववून आणायच्या. अशी बाई. वर्षभर मी त्या खोलीत बसलो, माझ्यासारखा माणूस, ज्याच्या गप्पा ऐकून पुण्यात न्हावी कात्री खाली ठेवत. बोलायला काही नाही म्हणून बाकीच्यांचं ऐकत बसायचो: निखिलचा को, एका डॉक्टरीणबाईंचा सा, आणि अक्का मध्येच जपानीत देत त्या शिव्या. त्या शिव्या बहुतेक मलाच असत.

मग नागोयाचे मोठे साहेब आले.

दुपारी असा पाऊस कोसळला की व्हाइटफील्डच्या रस्त्यावर बस तरंगायला लागली. साहेबांची गाडी अर्ध्या किलोमीटरवर बंद पडली आणि ते त्यांच्या सेक्रेटरीसोबत चालत आले, गुडघ्यापर्यंत गटारात. लिफ्टचं दार उघडलं. आमचे अधिकारी हार घेऊन थिजले. निखिल पुढे झाला, कमरेत वाकला आणि अस्खलित जपानीत म्हणाला, "तुमची वाट पाहता पाहता माझ्या हृदयात कळ आली."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरीकडे. मग दोघंही असे हसले, असे हसले, की साहेबांच्या खिशातून पाणी उडालं.

मी मागून पुढे आलो. वर्षभर सांभाळलेले माझे शब्द. "नुरेमाशिता ने," म्हणालो. भिजलात हो. "नुइदे कुदासाइ." काढा ते बूट. साहेब सेक्रेटरीच्या कानात पुटपुटले की मोज्याला भोक आहे, सगळ्यांसमोर कसे काढू. मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं, टॉवेल दिला, आमच्या सिक्युरिटीवाल्या अण्णाचे कोरडे मोजे दिले. साहेबांनी मोज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ वळवून ते चढवले.

मीटिंगमध्ये त्यांनी आमच्या अधिकाऱ्यांना विचारलं, काम वेळेत का झालं नाही? निखिल म्हणाला, "आपण दोघं एकाच आकाशाखाली आहोत." पुन्हा हशा. मध्येच साहेब सेक्रेटरीला हळू आवाजात म्हणाले, आपलीही तयारी झालेली नाही, ह्यांना कळू देऊ नका. मी कागदावर रेघोट्या मारत होतो. पण माणसाच्या भुवया त्याच्या ताब्यात नसतात. माझी एक वर गेली, आणि साहेबांनी ती पाहिली.

निघताना लिफ्टपाशी साहेब सेक्रेटरीला म्हणाले, "तो हृदयवाला पाठवायला सांगा. त्याला काही समजत नाही, निवांत बोलता येईल. हा मोजेवाला नको. ह्याला सगळं कळतं." एवढं बोलून त्यांनी मान वळवली, तर मी शेजारीच, त्यांचे ओले बूट पिशवीत घालून उभा. आमची नजरानजर झाली. हेही मला कळलं, हे त्यांना कळलं. लिफ्टचं दार मिटलं.

निखिल नागोयाला गेला. आईने कॉलनीत काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

त्या शनिवारी मी चपला न काढता अक्कांचा जिना चढलो आणि मराठीत सुरुवात केली. वर्षाचं तुंबलेलं होतं. खाष्ट म्हणालो, कपटी म्हणालो, तुमच्यामुळे माझं नागोया गेलं म्हणालो. अक्का वरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"साहेब काय बोलला? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. लिफ्टपाशीचं, मीटिंगमधलं, मोज्याचं, सगळं त्याच्याच जपानीत, त्याच्या खोकल्यासकट.

अक्कांचे हात थांबले. "ह्यातलं निखिलला काय समजलं?"

"काही नाही!"

"अय्यो." आणि ती बाई हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून, शेंगांचं ताट उलटं होईपर्यंत हसली. "इतकी वर्षं शिकवतेय मी. माझ्या विद्यार्थ्याला कुणी घाबरलं, हे पहिल्यांदा झालं."

"अक्का, मी हरलोय!"

"सरी, बरं. हरलास. पुढल्या शनिवारपासून ने घे. आणि जाताना त्या शेंगा गोळा कर."

गोळा केल्या. राग असला म्हणून काय, शेंगा जिन्याभर पसरल्या होत्या. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्याही शनिवारी मी गेलो, केवळ भांडायला. त्यांनी मला ने दिला, नो दिला, आणि कॉफी शेवटपर्यंत निवलेलीच दिली. गेल्या वर्षी अक्का वारल्या. नागोयाहून निखिलचा फोन आला. तो रडत होता, आणि रडतानाही काहीतरी हृदयाचंच बोलत होता. मी त्याचं ऐकत बसलो. भांडण अर्धं टाकून कुणी असं जातं का?

नुकसान मात्र त्या करून गेल्या ते कायमचं. आता नागोयाची मंडळी ऑफिसात आली, की मला पाहून आधी उठतात. काचेच्या खोलीत जातात, दार लावतात आणि मग आपसात बोलतात. मी बाहेर माझ्या खुर्चीवर बसून असतो. काचेतून त्यांचे ओठ दिसतात. अलीकडे तेही कळायला लागले आहेत.