पानं असताना आलेली फुलं

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात मनगटाएवढं जाड पांगाऱ्याचं खोड आहे आणि उजव्या हातात कोयता. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड तिरकं कापायचं आहे, पण पूर्ण नाही. बोटाच्या पेराएवढं लाकूड आणि त्यावरची साल शिल्लक ठेवायची. मग खोड हळूहळू आडवं करून शेजारच्या झाडाच्या कुशीत निजवायचं. काप कमी पडला तर खोड वाकत नाही. जास्त झाला तर कटकन तुटतं आणि कुंपणाला खिंडार पडतं. बरोबर जमला, तर त्या बोटभर सालीतून झाड पुन्हा पाणी ओढतं, आडव्या खोडावर उभे फुटवे येतात आणि दोन वर्षांत त्यातून कोंबडीसुद्धा पलीकडे जात नाही. काटे हातमोज्यातूनही लागतात, ते वेगळंच.

हे काम काटेआत्याने छत्तीस वर्षं केलं.

काटेआत्या हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. भावाची मुलगी नुकती बोलायला लागली होती, तेव्हा तिने आत्याच्या केसांतून एक काटा काढून दाखवला होता. तेव्हापासून आधी घरात आणि मग गावभर तेच नाव झालं. कुंपणं बांधणं हे मूळचं तिच्या वडिलांचं काम. भावाला काट्यांशी देणंघेणं नव्हतं. तो बस चालवायला गेला. आत्याचं लग्न झालं आणि तीन वर्षांत ती एक ट्रंक घेऊन परत आली. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "लाकूड वाकवता येतं हो मला. माणसाला काप कुठे घ्यायचा, ते कुणी शिकवलंच नाही."

वडिलांनी तिला कोयता दिला आणि त्याच्याबरोबर एक नियम दिला. हंगाम सुरू झाला की तो संपेपर्यंत कोयता धुवायचा नाही, पुसायचा नाही. धार लावायची तीही कोरड्या दगडावर. पहिल्या कुंपणाचा रस शेवटच्या कुंपणाला लागला पाहिजे. मग गावातली सगळी कुंपणं बहिणी-बहिणी होतात, एकमेकींना सांभाळतात. आत्याने हा नियम एकदाही मोडला नाही. हंगामाच्या शेवटी तिचा कोयता काळा, चिकट, जुन्या तव्यासारखा दिसायचा, आणि तिला त्याचा अभिमान होता.

थंडी पडली की पांगारा पानं टाकतो. तेवढ्या दोन-अडीच महिन्यांत काम उरकायचं. थंडी सरता सरता उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात, आणि फुलं आली की कोयता बंद. तेव्हा झाडात रक्त असतं म्हणे. फुललेल्या पांगाऱ्याखाली खोटं बोललं तर जीभ काळी पडते, असंही जुनी माणसं सांगायची. हद्दीवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना मुद्दाम कुंपणाशी उभं करून बोलायला लावायची. "बरंय," आत्या म्हणायची, "वर्षातला एक महिना तरी गाव खरं बोलतं." फुलं गळाली की मागून पानं. आधी पानझड, मग फुलं, मग पालवी. हा क्रम तिने कधी चुकलेला पाहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कुंपणाने तो चुकवला. थंडी अजून यायची होती, पानं हिरवीगार अंगावर होती, आणि त्यांच्यामधून फुलं आली. इतकी, की मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांना चित्रं काढायला बाहेर बसवलं. लोक म्हणाले, आत्याच्या हाताला गुण आहे. आत्याही फुशारली. दोन महिन्यांनी खोडावर काळे ओघळ दिसले, काजळाचं बोट ओढल्यासारखे. नखाने साल उचलली तर आत ओल आणि आंबूस वास. पुढच्या वर्षी शाळेचं कुंपण काटक्यांची रांग होऊन उभं होतं.

लोक रोगाला 'काजळी' म्हणू लागले. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पाणी बाटलं. आत्या असल्या गप्पांत बसली नाही. तिने कंबर कसली. जिथे काळा ओघळ दिसेल तिथला भाग ती कापून काढायची. सकाळी गिरणी, दुपारी चर्च, संध्याकाळी लाकडाची वखार. दोन हंगाम ती घरोघरी बोलावणं न येताही गेली. आणि ती जितकं कापत गेली, तितकी काजळी पुढे पळत गेली.

मग भाची आली. तीच, केसांतला काटा काढणारी. आता ती झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने गावाचा नकाशा पसरला. मेलेल्या कुंपणांवर तिने लाल ठिपके आधीच दिले होते, आणि प्रत्येकाशेजारी ते मेल्याचं वर्ष.

"आत्या, कोणत्या हंगामात कुठून कुठे गेलीस, आठवतं का गं?"

"काल काय जेवले ते आठवत नाही. कुंपणं विचार."

आत्या सांगत गेली. भाची निळ्या पेनाने रेघ ओढत गेली. अर्ध्या तासाने तिचा हात थांबला.

"चहा गार झाला तुझा," आत्या म्हणाली. "काय झालं? बोल की. तुझा बापही बस कुठे घासून आणली की असाच गप्प बसायचा."

"कोयता कशाने पुसतेस तू?"

"पुसत नाही. हंगामात पुसायचा नसतो."

"म्हणजे एका झाडाचा रस दुसऱ्याला..."

"लागायलाच पाहिजे," आत्या ठसक्यात म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिची नजर नकाशावर गेली. निळी रेघ एका लाल ठिपक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, एकही न चुकवता गेली होती.

तिने नकाशा स्वतःकडे ओढला.

"वाऱ्याने पसरतं," आत्या म्हणाली. "पाखरं असतात. किडे असतात."

"असतात ना. म्हणून तर विचारते. तू कधीच गेली नाहीस असं एखादं कुंपण आहे?"

असं एकच होतं. बेकरीवाल्याचं. अकरा वर्षांपूर्वी आत्या त्याच्या कुंपणाला चारचौघांत 'झिपरं' म्हणाली होती, त्याने 'झिपरं तर झिपरं, तुमचा हात लागायला नको' असं सुनावलं होतं, आणि तेव्हापासून दोघांचा अबोला होता. आत्या पाव दुसऱ्या गल्लीतून आणायची.

दोघी तिथे गेल्या. कुंपण अस्ताव्यस्त वाढलं होतं, निम्मं रस्त्यावर झुकलं होतं. थंडीचे दिवस, त्यामुळे झाडं शहाण्यासारखी पानं टाकून उभी होती. आत्याने एकेका खोडावरून अंगठा फिरवला. एक्केचाळीस झाडं. अंगठा स्वच्छ राहिला.

बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. "अकरा वर्षं नावं ठेवलीत याला. आज काय, माफी मागायला?"

"तपासायला."

"मग? काय सापडलं?"

"काहीच नाही," आत्या म्हणाली.

भाचीने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो कुंपणाकडे पाहत राहिला, मग आत्याकडे. "म्हणजे तुमचा राग आम्हाला फळला म्हणायचा," तो म्हणाला. हसू त्याच्या ओठांवर आलंच नाही.

परतताना भाचीने उरलेलं सांगितलं. शाळेला पानांत फुलं आली त्याच्या आदल्या थंडीत आत्याने ते कुंपण बांधलं होतं, आणि त्याच हंगामात, शाळेच्याही आधी, दवाखान्याचं. रेघ तिथून सुरू होत होती. पण दवाखान्याने नंतर ती झाडं उपटून भिंत घातली, आता तपासायला काही उरलं नव्हतं. आणि दवाखान्याआधी? दवाखान्याआधी आत्या महिनाभर परगावी होती. वडिलांच्या एका मित्राचं कुंपण बांधायला; तिकडे थंडी आणि पानझड इथल्याहून महिनाभर आधी. ते पुढे वाळलं, असं तिने ऐकलं होतं.

"म्हणजे काजळी इथलीच असेल आणि मी दवाखान्यातून उचलली असेल. नाहीतर बाहेरून मीच गावात आणली."

"दोन्ही शक्य आहे, आत्या."

"कळायचं कसं?"

"दवाखान्याची झाडं तू कापायच्या आधीच आजारी असतील, तर त्यांना त्या वर्षी थंडीआधी पानांतच फुलं आली असतील."

ते दिवस नेमके आत्या परगावी असतानाचे. ती परतली तोवर पानंही गळाली होती, आणि असलीच तर फुलंही.

भाची स्पिरिटची बाटली ठेवून गेली. प्रत्येक झाडानंतर पातं बुडवायचं, मग काम करायला हरकत नाही, म्हणाली. बाटलीचं सील तसंच आहे. आत्याला कुणी बोलावत नाही, आणि रस्त्यात भेटलं तर हवापाण्याचं बोलतात. आत्या मात्र विचारत फिरते. दवाखान्याचा डॉक्टर केव्हाच बदलून गेला. तिथल्या गाडीच्या ड्रायव्हरला झाडं होती एवढंच आठवतं. झाडलोट करणारी बाई म्हणाली फुलं होती, तिची सून म्हणाली नव्हती.

शेवटी निवृत्त नर्सबाई सापडल्या, जिन्याखालच्या खोलीत, गुडघ्याला शेकत बसलेल्या.

"फुलं ना? आठवतात की," त्या म्हणाल्या. "लस टोचायची रांग होती बाहेर. बाकांवर लाल सडा पडायचा, पोरं वेचत बसायची."

आत्या पुढे सरकून बसली. "पानं होती का हो तेव्हा झाडावर?"

"पानं... असतील बाई. एवढं कोण बघतं?"

"जरा नीट आठवून सांगा," आत्या म्हणाली. "ती लसीची रांग, मी कुंपण बांधायला आले त्याच्या आधीची, की नंतरची?"