फणसाआडचं आकाश

वैशालीताई कुठंही कामाला गेल्या की आधी गच्चीवर उताण्या पडत. "आपलं काम वर चाललंय," म्हणत, "आधी तिकडं बघू." पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांवरून येणारं इंटरनेट बसवायचं आणि ते कसं चालतंय हे मोजायचं, हे आमचं काम. त्या लातूरच्या, माझ्या वरिष्ठ.

रिहे गावातल्या आबांच्या घरची तक्रार आली तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आबांना शब्द फुटायला वेळ लागायचा. पुण्यातली स्पीच थेरपिस्ट व्हिडिओवर त्यांचा सराव घ्यायची. पण शब्द ओठांवर यायचा आणि नेमकं चित्र गोठायचं. "पुन्हा बोला," हे सारखं ऐकून आबांनी समोर बसणंच सोडलं होतं.

मी स्पीड मोजला. उत्तम होता. तसं सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "सरासरी सांगू नकोस. माणूस सरासरीत बोलत नाही. कुठं तुटतंय ते दाखव."

मग सकाळभर त्या लॅपटॉपवरून छोटे छोटे संदेश पाठवत, त्यांतले कुठले परत येत नाहीत ते बघत बसल्या. उपग्रह सरकत उत्तरेकडच्या फणसाआड गेला, की संदेश हरवायचे.

आबांच्या पत्नी, सीताकाकू, धास्तावल्या. "फनस तोडाया सांगू नका ताई. ह्येंनी लावलाय त्यो."

"झाड कशाला तोडायचं काकू? आपणच सरकू."

डिश घरावरून काढून अंगणापलीकडच्या गोठ्याच्या छपरावर बसवली. पुन्हा मोजलं. खंड जवळजवळ नाहीसे झाले होते. मी खूश झालो, ताई नाही. "आबा बोलल्यावर बघू."

काकूंनी आबांना कसंबसं समोर बसवलं. "शेजारी कोण बसलंय?" थेरपिस्टनं विचारलं. आबांचे ओठ हलले, थांबले. चित्र थांबलं नाही. ती तिकडे वाट बघत राहिली.

"सी... ता."

आबांनी उभ्या जन्मात काकूंचं नाव घेतलं नव्हतं. "व्हय, हितंच हाय मी," म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वैशालीताई भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

पुढं त्यांना हैदराबादला नोकरी लागली. निघायच्या आठवड्यात त्यांचा फोन वाजला. स्पीकर लावला तरी पलीकडून काहीच ऐकू येईना. "लाईन गेली असेल, ठेवा," मी म्हणालो. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

बऱ्याच वेळानं आवाज आला, "जेवाया... या."

"येते आबा."

रविवारी आम्ही दोघं गेलो. ताई ताटावरून उठायला लागल्या, तसा आबांनी हात वर केला. काकू पातेलं घेऊन थांबल्या. सगळेच थांबलो.

"ताईला," आबा म्हणाले, "आजून... वाढ."